म्वालेशीकाठची हत्तीण

काबासोला पाहुण्यांचं मन मोडता यायचं नाही. म्वालेशी नदीच्या काठावर आमच्या गवती कॅम्पात जेवढे वाटाडे होऊन गेले, त्यांत त्याच्याइतका लोकांना हवाहवासा वाटणारा दुसरा झाला नाही. कुणाला राघूंचे थवे बघायचे असत, कुणाला सिंह. काबासो सकाळी चहा देतानाच त्यांच्या मनातलं काढून घ्यायचा आणि मग ते दाखवल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन नसे. निघताना पाहुणे त्याच्या गळ्यात पडत. तेव्हा तो असा लाजायचा की बघणाऱ्याला वाटावं, नवरामुलगाच उभा आहे.

आमच्या बाजूच्या जंगलात गाडीतून फिरणं जवळजवळ नाहीच. रस्तेच नाहीत. सगळं पायी. पुढे बंदूकवाला रक्षक, त्याच्यामागे वाटाड्या, मग ओळीनं पाहुणे. काबासोच्या पुढे नेहमी चिसेंगा असायचा. चिसेंगा म्हणजे काबासोच्या बायकोचा, म्वापेचा थोरला भाऊ. आम्हा बिसा लोकांत अशा नात्यातले दोघंही एकमेकांना ‘मुलामू’ म्हणतात, आणि मुलामूची टिंगल करायची नाही तर कुणाची करायची? हे दोघं तर दिवसभर एकमेकांना सोलून काढत.

“मुलामू, जरा हळू पाय टाक,” चिसेंगा मागं न बघता म्हणायचा. “तुझा आवाज ऐकून पाणघोड्यांना वाटतंय भाऊबंद आले.”

“आणि तुझी ती बंदूक? गंजून चिकटली असेल. उद्या सिंह आला तर काय, तिच्यानं पाठ खाजवणार त्याची?”

“खाजवीन. पण आधी तुला पुढे करीन. बहिणीला काय, दुसरा नवरा मिळेल.”

बंदुकीवरून केलेली थट्टा चिसेंगाला मनातून आवडायची. एवढ्या नोकरीत त्यानं एकाही जनावरावर गोळी झाडली नव्हती. हत्ती अंगावर आला की तो जागच्या जागी उभा राहायचा, टाळ्या वाजवायचा, शिव्या द्यायचा, आणि हत्ती वळायचा. त्याच्या वडिलांच्या काळात या खोऱ्यात हस्तिदंतासाठी कापाकापी झाली होती. ती पाहिलेल्या हत्तिणी अजून जिवंत आहेत. त्या माणसाच्या वासानंच बिथरतात. चिसेंगा म्हणायचा, “त्यांचं बरोबर आहे. चूक आपण केलीय, तर लांब उभं राहायचं कामही आपलंच.”

त्या वर्षी ऑक्टोबरात, अंग भाजून काढणाऱ्या उन्हात, स्वीडनहून मिसेस वेनबर्ग आल्या. एकट्याच. निवृत्त शाळाबाई, पांढरे केस, गुडघे दुखरे, पण तक्रार कसलीच नाही. ही सहल त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं मिळून ठरवली होती. मधेच नवरा गेला. जेवताना त्यांच्या शेजारची खुर्ची कुणी हलवायला लागलं तर त्या म्हणायच्या, “राहू द्या ना.” काबासोनं ती खुर्ची मग रोज तिथंच ठेवली.

शेवटच्या सकाळी काबासोनं विचारलं, “आज काय बघायचं, मॅडम?”

“बघितलं सगळं,” त्या म्हणाल्या. “हत्ती मात्र नेहमी नदीच्या पलीकडेच असतात. माझे मिस्टर म्हणायचे, हत्ती जवळ असला की त्याचा श्वास ऐकू येतो. मला तो ऐकायचा होता. पण असू दे. सगळंच कुठं मिळतं.”

त्यांनी हट्ट केला नाही. केला असता तर काबासोनं हसून टाळला असता. त्यांनी ‘असू दे’ म्हटलं, आणि ते काबासोच्या मनात रुतून बसलं.

ऊन चढायच्या आत तिघं निघाले. नदीत पाणी घोट्याएवढंच होतं. पलीकडे बाभळीसारख्या मोठ्या झाडांखाली शेंगांचा सडा पडला होता आणि हत्तिणींचा एक कळप त्या शेंगा वेचत उभा होता. कडेच्या हत्तिणीच्या पोटाशी एक पिल्लू होतं. अजून पीत होतं.

चिसेंगा थांबला. “इथून बघू दे त्यांना. पिल्लू आहे.”

“अजून थोडं पुढे. त्या चिंचेपर्यंत.”

“मुलामू, बाईंना पळता येत नाही.”

“पळायला कोण सांगतंय? आज त्यांचा शेवटचा दिवस आहे रे.”

चिसेंगानं एकदा त्याच्याकडे पाहिलं. कुठं जायचं ते वाटाड्या ठरवतो, तशीच रीत आहे. तो चालू लागला. चिंचेपाशी आले. तिथून एक मोठं वारूळ दिसत होतं, त्याच्या आड उभं राहिलं तर हत्तीण अगदी समोर. काबासोनं बोटानं वारूळ दाखवलं. चिसेंगानं मान हलवली, नको म्हणून. काबासोनं पुन्हा दाखवलं.

वारुळापाशी पोचल्यावर काबासोनं खिशातून राखेची पुरचुंडी काढून हलवली. वारा कुठला ते बघायला आमच्याकडे सगळे वाटाडे ती बाळगतात. राखेचा बारीक धूर उठला, क्षणभर हवेत तरंगला, आणि पुढे गेला. सरळ हत्तिणीकडे.

त्याच वेळी परत फिरायला हवं होतं. त्याला ते कळलं होतं. पण त्यानं मागं बघितलं तर मिसेस वेनबर्ग तोंडावर हात दाबून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. चिसेंगाची पाठ होती, त्याला राख दिसली नव्हती. काबासोनं पुरचुंडी खिशात टाकली. एवढ्यात काय होतंय, असं त्याला वाटलं. आणखी जरासं.

हत्तिणीनं सोंड वर केली. पिल्लाला पायानं मागं लोटलं आणि ती वळली. चिसेंगा वारुळाच्या आडून बाहेर येऊन उभा राहिला, टाळ्या वाजवल्या, ओरडला, “ए बाई! जा! जातोय आम्ही!” ती थांबली. धूळ तिच्या पुढे आली. चिसेंगा परत ओरडला. आणि तेवढ्यात मिसेस वेनबर्ग मागं सरताना मुळीला अडखळून पडल्या. हत्तीण कान आवळून, डोकं खाली घालून आली. आता ती थांबणार नव्हती हे आमच्यातल्या कुणालाही कळलं असतं.

चिसेंगानं एकदाच गोळी झाडली.

ती गुडघ्यांवर आली, मग कुशीवर कलंडली. बाकीचा कळप किंचाळत नदीकडे पळाला. मग सगळं इतकं शांत झालं की तिचा श्वास स्पष्ट ऐकू यायला लागला, भात्यासारखा, लांब, मग आणखी लांब. मिसेस वेनबर्ग जमिनीवर बसून तो ऐकत होत्या. थांबेपर्यंत ऐकत होत्या.

“वारा फिरला,” काबासो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. “एकदम फिरला वारा.”

चिसेंगानं त्याच्याकडे पाहिलं. पिल्लू आईभोवती गोल फिरत होतं, सोंडेनं तिचं तोंड चाचपत होतं. चिसेंगा खाली बसला.

कॅम्पवर विमानाची वाट बघताना मिसेस वेनबर्गनी काबासोला बाजूला घेतलं. “खरं सांगा. माझ्यामुळे झालं का हे?”

“नाही हो, मॅडम. वाऱ्यावर कुणाची सत्ता असते?”

त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि रडल्या. त्यांचं ओझं उतरलं हे त्याला दिसलं. आपण निदान एक तरी चांगलं केलं असं त्याला वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी तसं वाटल्याची शरम वाटली.

*

जंगलात असा हत्ती मारावा लागला की दात सरकारजमा होतात आणि मांस गावाला मिळतं. दुपारपर्यंत सगळं गाव पातेली, पाट्या, सुरे घेऊन नदी ओलांडून आलं. बायका गात होत्या. पोरं धुळीत नाचत होती. कित्येक घरांत महिन्यानुमहिने सुक्या बारक्या मासळीशिवाय काही शिजलं नव्हतं. आनंद होणारच.

काबासोला तिथं उभं राहावं लागलं, कारण वाटप नीट होतंय ना हे बघणं कॅम्पच्या माणसाचं काम. जो तो त्याच्या पाठीवर थाप मारत होता.

“वा रे काबासो! पुढच्या वर्षी दोन आण!”

“म्वापेचं नशीब बघा. नवरा मिळावा तर असा, हत्ती घेऊन येणारा.”

चितेची आई, म्हणजे चिते नावाच्या पोराची आई, सगळ्यांत पुढे होती. गेल्या वर्षी हत्तींनी तिचा मका एका फेरीत साफ केला होता आणि तिनं पोरांना रानातल्या कंदांवर जगवलं होतं. तिनं काबासोचा चेहरा बघितला.

“तोंड का असं पाडलंय? रडतोस का काय या धोंडीसाठी?”

“पिल्लू आहे तिचं, आई.”

“माझी पण पिल्लं आहेत. माझ्या मक्यात ही शिरली तेव्हा कुणी तोंड पाडलं नव्हतं.” ती सुरा पुसत पुन्हा कामाला लागली. मग मागं वळून म्हणाली, “देव तुझं भलं करो, पोरा.” हे मात्र ती थट्टेनं म्हणाली नव्हती.

शिव्या ऐकल्या असत्या तर काबासोला सोपं गेलं असतं. हा आशीर्वाद त्याला गिळता येईना.

घरी म्वापेनं मक्याच्या पिठाची घट्ट उब्वाली शिजवली, त्याच्यासोबत मांस. मुलं बोटं चाटत होती. काबासोनं पिठाचा गोळा हातात घेतला, दाबला, पुन्हा ताटात ठेवला.

“पोट बरं नाही,” तो म्हणाला.

“चिसेंगादादानंही घेतलं नाही मांस,” म्वापे म्हणाली. “वाटा तसाच परत पाठवला. तुम्हा दोघांचं एकदम कसं बिघडलं पोट?”

पुढचे काही दिवस पिल्लू त्या जागेपाशीच येत राहिलं. तिथं आता तुडवलेलं गवत आणि आतड्यातून काढून टाकलेल्या घाणीचा ढीग, एवढंच उरलं होतं. पिल्लाला सांभाळायला घेऊन जायला शहराकडून ट्रक यायचा होता. नदीकाठच्या वाळूत तो येणं शक्य नाही हे सगळ्यांना माहीत होतं. काबासो कामं सोडून लांबून बघत बसायचा. मग एका सकाळी पिल्लू नव्हतं. वाळूत सिंहांचे ठसे होते, पण ते तिथं नेहमीच असतात.

“कळपानं नेलं त्याला,” चिसेंगा म्हणाला. “मावश्या परत आल्या होत्या. मी पाहिलं.”

“कधी पाहिलंस?”

“पाहिलं म्हटलं ना, मुलामू.”

चिसेंगाला खोटं बोलता येत नसे. बोलला की तो पायाकडे बघायचा. तेव्हाही तो पायाकडेच बघत होता.

*

चौकशीला जंगलखात्याच्या नामुकोंडाबाई आल्या. करड्या पण न्यायी बाई. कॅम्पातल्या चिंचेखाली खुर्च्या मांडून त्यांनी दोघांना समोर बसवलं. “पिल्लू असलेल्या हत्तिणीच्या इतक्या जवळ तुम्ही गेलात कसे?”

काबासोनं तोंड उघडलं. त्याच्या आधी चिसेंगा बोलला.

“मी नेलं, मॅडम. पुढे मी होतो.”

“वाटाड्यानं सांगितलं होतं का?”

“वाटाड्या मागं पाहुणीला सांभाळत होता. वारुळापर्यंत जाऊ असं मला वाटलं. माझा अंदाज चुकला. वय झालं आता, नजर पूर्वीसारखी राहिली नाही.”

नामुकोंडाबाईंनी काबासोकडे पाहिलं. “असंच झालं?”

काबासोच्या मनात राखेचा तो बारीक धूर पुढे गेला. म्वापे, मुलं, डोक्यावरचं पत्र्याचं छप्पर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. “वारा फिरला, मॅडम,” तो म्हणाला.

चिसेंगाची बंदूक काढून घेतली आणि त्याला जंगलाच्या नाक्यावर बसवलं. गाडी आली की बांबू वर करायचा, गेली की खाली. जन्मभर चाललेला माणूस. काबासो मात्र कॅम्पात राहिला. पाहुणीला सुखरूप परत आणलं म्हणून मालकानं त्याचं कौतुक केलं आणि पुढच्या हंगामात मुख्य वाटाड्या करायचं कबूल केलं.

घरी म्वापेला त्यानं सगळं सांगितलं. ती अंगणात शेंगदाणे कुटत होती. मुसळ थांबलं नाही.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“दादा बोलला?”

“दादा बोलेल होय? तू बोलतोस झोपेत. राख, राख करत असतोस.” मग तिनं मुसळ खाली ठेवलं. “हे बघ. त्यानं ते तुझ्यासाठी नाही केलं. माझ्यासाठी केलं, पोरांसाठी केलं. त्याची पोरं मोठी झालीत, त्याचं कसंही भागेल. आता तू गप्प बस. तुला नाही सोसवलं तरी गप्प बस.”

“त्याला तिथं बघवत नाही गं.”

“मग बघू नकोस!” ती ओरडली. मग कुटायला लागली आणि डोळे पुसायलाही थांबली नाही.

काबासोनं प्रयत्न केला. पावसाआधी कॅम्प मोडायचा असतो, तो मोडला. शेवटच्या पाहुण्यांना सिंह दाखवले. पण गावाकडे जायचं तर नाका ओलांडावाच लागे, आणि नाक्यावर चिसेंगा स्टुलावर बसलेला असे.

“काय मुलामू!” तो लांबूनच हाक मारायचा. “परवाना आहे का? नसेल तर पाणघोड्यांच्या रांगेतून या!”

तीच थट्टा, तोच आवाज. त्यानं एकदा जरी तोंड फिरवलं असतं, एकदा जरी टोमणा मारला असता, तर काबासोनं ते सोसलं असतं. पण एके दिवशी बांबू वर करताना चिसेंगाचा हात पूर्वी बंदूक धरायचा तसाच बांबूवर होता. काबासो हसला, पलीकडे गेला, आणि घरी न वळता जंगलखात्याच्या ऑफिसकडे चालत सुटला.

नामुकोंडाबाईंना त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. चिसेंगा नको म्हणाला होता ते. राख कुठं गेली ते. त्यानं दोनदा बोट कसं दाखवलं ते.

“आता का सांगतोयस?” शेवटी त्या म्हणाल्या.

“चिसेंगाला बंदूक परत मिळावी म्हणून.”

बाईंनी चष्मा काढला. “काबासो, तुझा परवाना तर जाईलच. पण चिसेंगानं चौकशीत खोटं सांगितलं, हे आता मला माहीत झालं. चुकलेल्या रक्षकाला मी पुन्हा कधीतरी जंगलात घेतलं असतं. पावसानंतर घेणारच होते. खोटं सांगणाऱ्याला कसं घेऊ?”

काबासो एक पाऊल पुढे आला. “मॅडम, मी काही बोललोच नाही असं समजा.”

“तसं समजता येत नाही,” त्या म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता.

*

चिसेंगाला नाक्यावरूनही काढलं. तो काबासोच्या दारात आला, आत न येता उभा राहिला. म्वापेनं पाट पुढे केला, त्यानं पाहिलाही नाही.

“झालं मन हलकं?” त्यानं विचारलं.

“मुलामू, मला वाटलं...”

“तुला वाटलं. तेव्हाही तुलाच वाटलं होतं, बाईला जवळून दाखवावं. आत्ताही तुलाच वाटलं. मला कधी विचारलंस? मी ते पोटात घालून बसलो होतो. माझं मला जमलं होतं. तू ते उकरून काढलंस, का? तर तुला झोप येईना म्हणून.”

“तुझं नाव साफ व्हावं म्हणून गेलो रे.”

“माझं नाव!” चिसेंगा म्हणाला. “गोळी माझीच होती, काबासो. ती कुणाच्या नावावर घातली तरी माझ्याच हातून सुटली. ते तुला पुसता येणार होतं?”

त्यानं मुलामू म्हटलं नाही, काबासो म्हटलं. मग तो बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेला.

म्वापे महिनाभर नवऱ्याशी कामापुरतं बोलली. मालकानं दुसरा वाटाड्या बघितला. गावात कुणी काबासोला मूर्ख म्हणालं, कुणी प्रामाणिक. दोन्ही त्याला सारखंच लागलं. चितेची आई तेवढी म्हणाली, “मांस तर आम्ही खाल्लं. मग पाप आमच्याही वाट्याला थोडं येऊ दे की.” तिचा हेतू चांगला होता. पण वाटून कमी होण्यातलं ते नव्हतं.

पाऊस सुरू झाला. चिसेंगाकडे शेत होतं, पण नोकरीमुळे त्यानं ते कधी धड कसलं नव्हतं. गवत कमरेएवढं वाढलेलं. एका सकाळी तो कुदळ घेऊन गेला तर काबासो आधीच बांधाकडच्या टोकाला खणत होता.

“कुणी बोलावलं तुला?”

“कुणी नाही.”

“जा इथून.”

काबासो खणत राहिला. चिसेंगानं दुसऱ्या टोकाला सुरुवात केली. दुपारी त्याच्या बायकोनं भोपळ्यातून पाणी आणलं, आधी नवऱ्याला दिलं, मग त्याच्याकडे बघत काबासोला दिलं. चिसेंगा पुन्हा खणायला लागला. दुसऱ्या दिवशी काबासो आला. त्यानंतरही येत राहिला. चिसेंगानं कधी ‘ये’ म्हटलं नाही, पण ‘जा’ म्हणायचंही बंद केलं. मका पेरून झाला, उगवला, निंदणीला आला. मधली ओळ राहिली की दोघं समोरासमोर यायचे आणि एकमेकांकडे न बघता वळायचे.

एकदा अशीच ओळ संपत आली असताना काबासोनं विचारलं, “ते पिल्लू. खरंच नेलं कळपानं?”

चिसेंगानं कुदळीची माती झाडली. या वेळी त्यानं पायाकडे पाहिलं नाही, सरळ काबासोच्या डोळ्यांत पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला.

काबासोनं मान हलवली. पाऊस बारीक लागला होता. पलीकडे नदी भरून, लाल होऊन वाहत होती.

“उद्या येऊ नकोस,” चिसेंगा म्हणाला.

“का?”

“रविवार आहे. चर्चला जायचंय.”

“बरं,” काबासो म्हणाला, आणि सोमवारी उजाडताच परत शेतावर गेला.